पूडल घेताय? केसांचं कोण बघणार ते आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाळीव प्राण्यांबद्दल हल्ली बरंच छापून येतं आणि पूडल या कुरळ्या केसांच्या कुत्र्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास असतं, याचे केस गळत नाहीत, घरात ठेवायला एकदम सोयीचा. मी कुत्र्यांचं ग्रूमिंग करते, म्हणजे त्यांचे केस विंचरणं, कापणं, आंघोळ घालणं, पूडल कायम हाताखालून जातात, आणि या एका वाक्यावर भरवसा ठेवून आणलेल्या कुत्र्यांचे जे हाल होतात ते मला बघावे लागतात, म्हणून हे पत्र लिहितेय.

केस गळत नाहीत म्हणजे काय होतं बघा. बऱ्याच कुत्र्यांचा केस ठराविक लांबीचा झाला की पडतो, सोफ्यावर कपड्यांवर दिसतो, आपण झाडून टाकतो. पूडलचा केस माणसाच्या केसासारखा वाढतच राहतो, आणि जो थोडाफार गळतो तोसुद्धा जमिनीवर न पडता बाकीच्या कुरळ्या केसांत अडकून बसतो. तो काढायचं काम घरातल्या माणसांचं. नाही काढला की गुंता होतो, गुंत्याची जट होते, आणि जटा एकमेकींत मिसळल्या की कातडीला चिकटून एक सलग घट्ट थर तयार होतो ज्याच्या आत हवा जात नाही, ओल सुकत नाही. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि गळ्याचा पट्टा घासतो तिथं हे सगळ्यात आधी सुरू होतं. वरून मात्र कुत्रा गुबगुबीत आणि छान दिसतो कारण ब्रश वरवर फिरवलेला असतो. म्हणून ब्रश झाल्यावर स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडता जातो का ते बघायचं, अडला तर आत गुंता आहे. आणि गुंता न सोडवता आंघोळ घालू नका, पाण्याने जट अजून आवळते.

मध्ये एक कुत्रा आला होता, पुढचा एक पाय आखडून चालायचा, घरच्यांना वाटलं हाडाचं काहीतरी असणार. काखेतली जट एवढी आवळली होती की पाय पुढे टाकला की कातडी ओढली जायची. मशीन अगदी कातडीलगत चालवून सगळं काढावं लागलं, कानामागचा थर तर अख्खा एका तुकड्यात सुटून आला आणि खालची कातडी लालभडक, ओलसर. त्या बाई रडायला लागल्या, त्याचे केस का घालवले म्हणून. अशा वेळी केस वाचवत बसायचं म्हणजे तासनतास जनावराची कातडी ओढायची, ते मी करत नाही. टेबलावरून खाली ठेवला तर तो सरळ पाय टाकत दारापर्यंत गेला.

साधारण 9 महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ तर फारच जपायचा, पिल्लाचा मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचा दाट केस येत असतो, कालपर्यंत आठवड्यातून दोनदा ब्रश पुरत होता तिथं रोज करावा लागतो. ज्यांना रोज जमणार नाही त्यांनी सरळ सगळ्या अंगावर आखूड कट ठेवावा, कुत्र्याला त्यातच आराम आहे. तरीही दर 4 ते 6 आठवड्यांनी कटिंग आणि मधल्या दिवसांत ब्रश चुकत नाही. पिल्लू घरी आल्या दिवसापासून पंजे, कान, तोंड हातात घेऊन बघायची, मशीनचा आवाज ऐकवायची सवय लावा, नाहीतर पुढे दर वेळी ते थरथरत टेबलावर उभं राहतं आणि ते बघवत नाही हो. कानाच्या आत पण केस वाढतात, वर कान लोंबते, त्यामुळे ओल राहून इन्फेक्शन होतं. सारखं डोकं झटकतोय किंवा कानाला वास येतोय असं दिसलं तर घरगुती तेलं घालू नका, व्हेटकडे न्या.

आता ॲलर्जीचं. घरात कुणाला ॲलर्जी आहे म्हणून पूडल घेणारे खूप भेटतात. पण ॲलर्जी करणारे घटक कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात, लघवीत असतात, नुसत्या केसात नाही, त्यामुळे अजिबात ॲलर्जी न करणारी जात अशी कुठलीच नाही. काहींना पूडलचा त्रास कमी होतो, काहींना तेवढाच होतो. ज्याला ॲलर्जी आहे त्या माणसाने नेमक्या त्याच कुत्र्याबरोबर दोन-चार वेळा वेळ घालवून बघावा, डॉक्टरांशी बोलावं आणि मगच आणावा. आणून परत देणं हे त्या पिल्लाला किती जड जातं ते बघितलेलं माणूस असं बोलायचं टाळूच शकत नाही.

साइज बघून पण फसायला होतं. खांद्यापर्यंतच्या उंचीने 10 इंचांपर्यंत टॉय, 10 ते 15 मिनिएचर आणि त्याच्या वर स्टँडर्ड, युरोपात मधला मीडियम पण धरतात. स्टँडर्ड चांगला 20 ते 30 किलोचा दांडगा कुत्रा असतो हे फोटोत कळत नाही. टीकप नावाची साइज कुठल्याही मान्यताप्राप्त केनेल क्लबमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, नाही, बारक्यात बारकी पिल्लं निवडून ते ब्रीडिंग करतात आणि मग रक्तातली साखर पटकन उतरणं, नाजूक हाडं हे सगळं त्या जिवाने भोगायचं. घरात लहान मुलं असतील तर टॉय घेताना शंभर वेळा विचार करा, हातातून किंवा सोफ्यावरून उडी मारली तरी पुढच्या पायाचं हाड मोडू शकतं. मुलांनी जमिनीवर बसूनच घ्यायचं हा नियम पहिल्या दिवसापासून.

आणि हा मांडीवरचा शोभेचा कुत्रा नाही, मूळचा पाण्यात उडी मारून शिकार आणून देणारा, ते फेमस गोंडे पण पोहायला अडू नये म्हणून बाकी केस कापून छातीवर आणि सांध्यांवर ऊब राहावी म्हणून ठेवायचे. 1994 साली मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी कामात आणि आज्ञा पाळण्यात हुशार कुत्र्यांची यादी केली त्यात बॉर्डर कोलीनंतर दुसरा पूडलच. एवढ्या हुशार जिवाला दिवसभर एकटं कोंडलं तर तो भुंकणार, कुरतडणार, स्वतःचे पाय चाटून जखमा करणार. फिरणं हवंच, शिवाय शिकवणं, शोधायचे खेळ, माणसांची सोबत हवी.

घेताना पिल्लाची आई बघायला मागा, दाखवत नसतील तर निघून या. पिल्लू 8 आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं नको. हळूहळू दृष्टी घालवणाऱ्या पीआरए या डोळ्यांच्या आजाराची डीएनए टेस्ट, लहान साइजमध्ये गुडघ्याच्या वाट्या, स्टँडर्डमध्ये खुबे, हे आईवडिलांचे रिपोर्ट कागदावर बघा. स्टँडर्ड असेल तर एक लक्षण घरातल्या सगळ्यांना पाठ हवं, पोट टम्म फुगलंय, ओकायचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, म्हणजे जठराला पीळ पडला असू शकतो, सकाळपर्यंत थांबायचं नाही, आत्ताच्या आत्ता दवाखाना. छोट्यांचे दात आणि हिरड्या लवकर खराब होतात, दात रोज घासावे लागतात. छोटे पूडल 14-15 वर्षं सहज जगतात, म्हणजे आज हट्ट करणारं मूल शिकायला बाहेर पडेल तेव्हाही ब्रश कुणाला तरी हातात घ्यावाच लागेल, तो कोण ते घरात बसून आजच बोला.

ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांना एवढंच सांगेन की पैसे देण्याआधी एखाद्या ग्रूमरकडे जाऊन पूडलचं एक पूर्ण ग्रूमिंग बघा, ब्रश, आंघोळ, कातडीपर्यंत सुकवणं, कटिंग, दोन-तीन तास सहज जातात. मी तरी बघायला आलेल्या कुणाला नाही म्हणत नाही.

आपली,
एक वाचक आणि ग्रूमर