बॉक्सवर देशाचे नाव छापले, सुट्या भागांचे काय? केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
ग्राहक व्यवहार मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

सोलापुरात मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळण्याचा, आणि घरगुती विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचा माझा व्यवसाय आहे. मिक्सर, पंखे, कूलर, इस्त्र्या, पाण्याच्या मोटारी असा माल रोज माझ्या टेबलावर उघडून ठेवलेला असतो. स्वस्त परदेशी माल चांगला की स्वदेशी, हा वाद सध्या सगळीकडे चालतो, तो करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या वस्तूंचे झाकण काढून आत पाहिलेले असते, म्हणून टेबलाच्या या बाजूने काही सांगण्याचे धाडस करीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की वस्तू कोणत्या देशात तयार झाली यापेक्षा, ती बिघडल्यावर तिचे सुटे भाग मिळतील का, किती वर्षे मिळतील आणि काय भावाने मिळतील, हे ग्राहकाला विकत घेतानाच कळणे जास्त गरजेचे आहे; आणि ते बॉक्सवर छापायला लावण्याची वाट आपल्याच मंत्रालयातून जाते.

स्वदेशी म्हणजे काय हे सोलापूरकरांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. १९३० साली या शहराने मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी आपले चार हुतात्मे दिले. पण आज याच शहरात विणलेले टॉवेल निर्यात होतात, म्हणजे कुठल्या तरी परक्या गावच्या दुकानात आमचा माल हाच ‘परदेशी माल’ असतो, तेव्हा बाहेरून आलेले ते सगळे वाईट असे म्हणण्याची सोय आम्हाला उरलेली नाही. दुसरे असे की स्वस्त माल आला म्हणून काय झाले, हे शहराच्या पूर्व भागात कोणत्याही गल्लीत गेल्यास दिसते. दिवसभर विड्या वळून दर हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईच्या घरात मिक्सर आला तो स्वस्त झाला म्हणूनच आला, आणि शेंगदाण्याची चटणी कुटण्यात जाणारा तिचा वेळ वाचला. उद्या सरसकट आयात बंद करून तोच मिक्सर दुप्पट भावाचा झाला तर त्याची झळ मोठ्या बंगल्यांना लागणार नाही. त्यामुळे ‘चायना माल हटवा’ अशी मागणी करणारे हे पत्र नाही.

खरे तर चायना माल आणि देशी माल अशी सरळ विभागणी माझ्या टेबलावर टिकतच नाही. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि आले की प्रत्येक घरात अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार सुरू होते, त्यामुळे मोटार ही इथे चैनीची वस्तू नाही. आपल्या देशातच बनलेल्या, बॉक्सवर तसे ठळक छापलेल्या कितीतरी मोटारी मी उघडतो तेव्हा आत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमचे वायंडिंग निघते. वरच्या वार्निशमुळे तार तांब्यासारखीच दिसते. ब्लेडने थोडी खरवडली की आतून पांढरी निघते. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याच्या साधारण ६० टक्केच सहजतेने वाहते, म्हणून तार तेवढ्याच जाडीची ठेवली तर मोटार तापते, आणि जोड नीट झाळता येत नसल्याने तिथेच पहिल्यांदा जळते. ॲल्युमिनियम वापरणे हा गुन्हा नाही. जाड तार घालून, जोड नीट करून, भाव कमी ठेवून कुणी प्रामाणिकपणे विकले तर माझी तक्रार नाही. परंतु ग्राहक तांब्याचे पैसे देतो आणि त्याला आत काय आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. उलट, परदेशातून आलेला कॉम्प्रेसर असलेले कितीतरी जुने फ्रिज केवळ दाराचे रबर आणि थर्मोस्टॅट बदलून आजही चालू आहेत.

आता छताच्या पंख्याचे पाहा, कारण सगळा प्रश्न त्या एका वस्तूत दिसतो. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो. तो हळू फिरू लागला की बहुतेक वेळा अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कंडेन्सर गेलेला असतो. तो कोणत्याही कंपनीचा बहुतेक पंख्यांना चालतो, किरकोळ किमतीत मिळतो आणि स्टुलावर चढून पाच मिनिटांत बदलता येतो. आवाज येत असेल तर बेअरिंग, आणि फारच झाले तर रिवाइंडिंग. वडिलांनी घेतलेला पंखा मुलगा वापरतो आहे, अशी घरे या शहरात भरपूर आहेत. नवा बीएलडीसी पंखा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटारीचा पंखा, ३० वॅटच्या आसपास चालतो, आणि ज्या गावात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो व पंखा रात्रंदिवस फिरतो, तिथे ही बचत मोठी आहे. मी स्वतः गिऱ्हाइकांना तोच घ्यायला सांगतो. पण विजेच्या दाबातील चढउतारांमुळे त्याच्या आतला तो बोर्ड गेला की काम थांबते. प्रत्येक कंपनीचा बोर्ड वेगळा, त्याच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही वेगळा, वर काळ्या रसायनाचा घट्ट थर ओतलेला, त्यामुळे त्यातील दहा-वीस रुपयांचा गेलेला घटक शोधून बदलणेही शक्य होत नाही. वॉरंटी संपल्यावर अख्खा बोर्ड घ्यावा लागतो, त्याची किंमत पंख्याच्या किमतीच्या जवळपास जाते, आणि तोही मिळाला तर! मॉडेल बंद झालेले असेल तर चांगली मोटार, चांगली पाती आणि चांगली दांडी असलेला पंखा भंगारात जातो. बोर्डावर थर ओतण्याचे कारण मला कळते, ओल आणि धूळ यांपासून तो वाचतो. बोर्ड सुटा न विकण्याला मात्र तसे काही कारण सापडत नाही.

मिक्सरचा खालचा तळ पूर्वी चार स्क्रूंनी बसवलेला असे, आता अनेक स्वस्त मिक्सरांत तो रिव्हेट मारून किंवा प्लॅस्टिकच्या खाचांत दाबून कायमचा बंद केलेला असतो. कार्बन ब्रश बदलायचे असले तरी आधी तळ फोडावा लागतो. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाच्या वॉशिंग मशीनला, ते फार जुने नसतानाही, कंपनीच्या सेवा केंद्राने ‘बोर्ड येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या’ असे सांगून परत पाठवले. त्या मशीनवर ‘मोटारीला १० वर्षे वॉरंटी’ असा स्टिकर अजून चिकटलेला होता, आणि मोटार खरोखरच उत्तम होती.

महोदय, आपल्या मंत्रालयाला हा विषय नवा नाही, हे मी जाणतो. दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली गेली. शेतीची अवजारे, मोबाइल, वाहने यांच्याबरोबर घरगुती टिकाऊ वस्तूंचाही तिच्या कामात समावेश होता. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. पुढे दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी वेगळी समिती नेमली गेली आणि तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग वाजवी वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे का, असे निकष त्यात आहेत, आणि ते निकष अगदी योग्य आहेत. मात्र सुरुवातीचा भर स्मार्टफोन आणि टॅब्लेटवर ठेवला गेला. मोबाइल महाग असतो, त्याची चर्चा होते, हे समजू शकते. पण मोबाइल लोक तसाही काही वर्षांत बदलतात. मिक्सर, पंखा, कूलर, वॉशिंग मशीन या वस्तू मध्यमवर्गीय आणि गरीब घरांत १५-२० वर्षे चालाव्यात अशी अपेक्षा असते, आणि पूर्वी त्या चालतही होत्या. म्हणून खरी गरज तिथे आहे.

युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग किमान १० वर्षे आणि फ्रिजचे बहुतेक महत्त्वाचे भाग किमान ७ वर्षे पुरवणे कंपन्यांवर बंधनकारक केले. फ्रान्समध्ये त्याच वर्षीच्या जानेवारीपासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण छापले जातात. तिथे विकल्या जाणाऱ्या अनेक वस्तूही चीनमध्येच बनतात. कारखाना तोच राहतो. ज्या बाजारात नियम आहे तिथे भाग मिळतात आणि जिथे नाही तिथे मिळत नाहीत. ‘स्वस्त आहे, परदेशी आहे, म्हणून टिकत नाही’ हे आपण मनाशी पक्के धरून बसलो आहोत, त्यामुळे विक्रेत्याकडून काय मागायचे तेच आपल्याला सुचत नाही.

यावर ‘भारतीय ग्राहक फक्त किंमत पाहतो, लेबल वाचतो कोण?’ असे उत्तर येईल. ते खरे नाही. फ्रिजवरचे तारे पाहायला लोक शिकलेच ना? २००६ साली ती योजना सुरू झाली तेव्हाही असेच म्हटले गेले असेल. आज निरक्षर आजीबाईसुद्धा दुकानात ‘किती स्टारचा?’ असे विचारतात, आणि १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यालाही स्टार लेबल सक्तीचे झाले आहे. त्या लेबलावर वीज किती वाचेल ते कळते, पण ती वाचवणारी वस्तू किती वर्षे दुरुस्त होऊ शकेल ते कळत नाही. त्याच्याच शेजारी दोन ओळी वाढवाव्यात: सुटे भाग अमुक सालापर्यंत मिळतील, आणि मोटार, कॉम्प्रेसर किंवा बोर्ड यांतील मुख्य भागाची आजची किंमत अमुक. निर्माता, देश, महिना, कमाल किंमत हे सर्व वेष्टनावर छापण्याचे नियम आपल्याच वैधमापन विभागाचे आहेत, त्यामुळे यासाठी नवे खाते उभारावे लागणार नाही.

‘मूळ देश’ या नोंदीबद्दलही एक विनंती आहे. एप्रिल २०२१ मध्ये एसी आणि एलईडी दिव्यांसाठी ६,२३८ कोटी रुपयांची उत्पादन प्रोत्साहन योजना मंजूर झाली, तेव्हा सरकारनेच सांगितले होते की या क्षेत्रातील देशांतर्गत मूल्यवर्धन १५ ते २० टक्के आहे आणि ते ७५ ते ८० टक्क्यांवर न्यायचे आहे. याचा सरळ अर्थ असा की तोपर्यंत ‘भारतात बनलेला’ म्हणून विकला जाणारा एसी बराचसा इथे केवळ जुळवला जात होता. जुळवणीलाही माझा विरोध नाही, त्यातूनच पुढे भाग बनवण्याचे कारखाने येतात आणि ती योजना भागांसाठीच आहे हे चांगले आहे. फक्त मुख्य भाग कुठला हे वेगळे लिहिले जावे. माझ्यासारख्याला त्याचा थेट उपयोग आहे: कॉम्प्रेसर देशात बनत असेल तर दहा वर्षांनी तो मिळण्याची शक्यता जास्त, आणि मला वाटते स्वदेशीच्या बाजूने देता येईल असा सर्वांत ठोस मुद्दा हाच आहे.

आयएसआय चिन्हाच्या सक्तीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण चिन्हावर सगळे सोडून चालत नाही, हे सोलापूरला चादरीमुळे चांगले ठाऊक आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाहेर दुसरीकडे विणलेल्या चादरी आमच्याच नावाने सर्रास विकल्या जातात. पाणी तापवण्याच्या रॉडला आणि इस्त्रीला २००३ च्या आदेशापासून आयएसआय सक्तीचे आहे, आणि तरीही जानेवारीत होम मैदानावरच्या गड्ड्याच्या यात्रेत फिरलात तर बिनचिन्हाचा रॉड दिसणारच नाही, अशी खात्री मी देणार नाही. त्या विक्रेत्यांवर धाड घालून काही साधेल असेही मला वाटत नाही. तो माल जिथून येतो तिथे, म्हणजे बंदरात, घाऊक व्यापाऱ्याकडे आणि ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी तपासणी हवी. ऑगस्ट २०२२ मध्ये निकृष्ट प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या ऑनलाइन मंचाला १ लाख रुपये दंड केला आणि विकलेले कुकर परत घेण्याचा आदेश दिला. दंडाची रक्कम हास्यास्पद असली तरी दिशा बरोबर होती. दुसरीकडे, लोखंडी पत्र्याचे कूलर जोडून विकणारे छोटे कारागीर चाचणी आणि परवान्याच्या खर्चाने मोडणार नाहीत, हेही पाहिले पाहिजे. त्यांच्या कूलरमधला पंप, मोटार, जाळी सगळे बाजारात सुटे मिळते. दुरुस्तीयोग्यतेचे गुण द्यायचे झाले तर त्यांना कदाचित सर्वाधिक मिळतील.

राहता राहिला आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांचा विषय. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहितीपुस्तिका केवळ अधिकृत सेवा केंद्रांनाच न देता, रोख पैसे मोजणाऱ्या कोणत्याही दुकानदाराला द्यावी, अशी तरतूद नियमात असावी. दुरुस्तीच्या सेवेवर आणि सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो, नव्या मिक्सरवरही तेवढाच. जुने टिकवणाऱ्याला काही सवलत मिळावी यासाठी अर्थ मंत्रालयाकडे आपण शब्द टाकावा. आयटीआय करून आलेली मुले आता या धंद्यात थांबत नाहीत, कारण हाताला कौशल्य असून बोर्डच मिळत नसेल तर गिऱ्हाइकाला रोज ‘होणार नाही’ सांगण्यात कुणाला रस वाटेल?

सुरुवात छताच्या पंख्यापासून करता येईल, कारण त्याला आयएसआय आणि स्टार लेबल दोन्ही आधीच सक्तीचे आहेत. त्यानंतर मिक्सर आणि वॉशिंग मशीन घ्यावे. बीएलडीसी बोर्डांचे काही ठरावीक आकार आणि जोडण्या भारतीय मानक ब्युरोने निश्चित केल्या, म्हणजे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या पंख्याला बसेल, तर निम्मे काम तिथेच होईल. हे निकष ठरवण्याच्या बैठकांना कंपन्यांचे प्रतिनिधी असतातच. त्यांच्यासोबत लहान शहरांतील दुरुस्ती कारागिरांनाही बोलावले जावे. त्यासाठी दिल्लीला येण्याची माझी तयारी आहे. फक्त मार्च ते मे हे कूलरचे महिने आहेत, तेवढे टाळून तारीख कळवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
मोटार रिवाइंडिंग व घरगुती उपकरण दुरुस्ती व्यावसायिक,
सोलापूर