सुट्टीत शाळेच्या मैदानाला कुलूप नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझे माहेर एरंडोल तालुक्यात, धुळे-जळगाव महामार्गाला लागून असलेल्या गावात. नोकरी ठाण्यात, शाळेत शिक्षिका आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांना घेऊन माहेरी येते, ती थेट जूनपर्यंत.

सहा वर्षांपूर्वी रक्तातली साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालता चालता पळू लागले. आता आठवड्यातून चार दिवस सहा किलोमीटर पळते. पहिली दोन वर्षे बूट ठाण्यातच ठेवून माहेरी यायचे. सुट्टी आहे, आमरस आहे, मांडे आहेत, पळायचे कुठे, असे वाटायचे. परत गेल्यावर मात्र दोन किलोमीटरलाच धाप लागायची आणि जून-जुलै गमावलेला दम भरून काढण्यातच जायचा. तिसऱ्या वर्षापासून बूट पिशवीत सगळ्यात आधी भरते.

इथे मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो. रात्री बारापर्यंत गच्चीची फरशी गरम असते आणि जरा गार वारा सुटून झोप लागते तोच उठायची वेळ होते. तरी पावणेपाचला उठतेच, कारण पावणेसहाला सूर्य वर आला की सातपर्यंत चटके बसू लागतात. संध्याकाळी पळायचा प्रश्नच नाही. सातला ऊन गेले तरी डांबर वाफ सोडत असते.

ठाण्यात घामाने कपडे चिंब होतात, म्हणून किती पाणी गेले ते कळते. इथल्या कोरड्या हवेत घाम अंगावरच वाळतो. घरी येऊन काळा टी-शर्ट काढला तर पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे! पहिल्या वर्षी ते दिसेपर्यंत मला वाटत होते की आपल्याला घाम आलाच नाही. त्या दिवशी दुपारभर डोके ठणकत होते. तेव्हापासून निघण्याआधी माठातले तांब्याभर पाणी पिते आणि आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचे सरबत घेते. अंगाला हे ऊन सोसायला दहा-बारा दिवस लागतात. तोवर तीनच किलोमीटर, तेही बोलता येईल इतक्या सावकाश. वेग पाहायचा नाही. नेम मोडला नाही एवढे पुरे. शेजारची आजी अजूनही ओट्यावरून विचारते, "काबर पयस व माय, कोन लागनं मांगे?" आणि मी परत येईपर्यंत तिथेच बसून राहते.

हे सगळे जमते. अडते ते जागेपाशी. गावात माध्यमिक शाळेचे चांगले मोठे मैदान आहे, भोवती भिंत आहे. वर्षभर पहाटे तिथे गावातली पोरे पळतात. शाळा बंद झाली की फाटकाला कुलूप लागते, ते जूनच्या मध्याला निघते. म्हणजे ज्या दिवसांत पोरांना सर्वांत जास्त वेळ असतो, नेमक्या त्याच दिवसांत मैदान बंद.

मग सगळे महामार्गाच्या कडेला येतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली इथे गावोगावी आहेत. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण पळण्याचे : मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. मैदानावर चुन्याने आखलेली 200 मीटरची फेरी आहे. चार फेऱ्या झाल्या की मुलीचे अंतर पूर्ण, आठ झाल्या की मुलाचे. रस्त्यावर ती मोटारसायकलच्या काट्यावरून अंतर मोजतात आणि दगडावर खूण करतात. गेल्या आठवड्यात सव्वापाचला, अंधार पुरता सरला नव्हता तेव्हा, माझ्यापुढे दोन मुले वाहनांकडे पाठ करून पळत होती. मागून केळीचा ट्रक आला. एकाने कडेच्या खडीत उडी घेतली. गुडघा फुटला, माझ्या ओढणीने बांधला. ट्रक थांबलाही नाही. मुलगा म्हणाला, "काही नाही ताई, रोजचंच आहे." ते "रोजचंच" माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी वहिनी गेल्या वर्षी माझ्याबरोबर यायची. साडीवरच बूट घालून मैदानाच्या दोन फेऱ्या चालायची, एक हळूहळू पळायची. तेव्हा सुट्टी नुकतीच लागली होती, कुलूप पडायचे होते. भिंतीच्या आत कोणी बघत नाही, ट्रकवाले भोंगे वाजवत नाहीत. यंदा मी आले तेव्हा कुलूप पडलेलेच होते. रस्त्यावर यायला ती तयार नाही आणि तिला आग्रह करायचे धैर्य मलाही होत नाही.

शाळेची अडचण मला कळते. मी स्वतः शाळेतच काम करते. कोणी पडले, नळ मोडला, खिडकी फुटली तर विचारणा मुख्याध्यापकांना होते. पण पहाटे पाच ते सात फक्त मैदानाचे फाटक उघडावे, वर्ग आणि कार्यालय बंदच राहू द्यावे. एक पाण्याचा माठ आणि फाटकाजवळ एक दिवा एवढीच सोय हवी. ग्रामपंचायत, शालेय समिती आणि पालक एकत्र बसले तर हे एका बैठकीत ठरेल. जिल्ह्यातल्या इतर गावांतही असेच असेल, तर तिथल्या वाचकांनी आपापल्या शाळेत जरूर विचारावे.

आमच्या गावापुरते सांगते : मी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे आहे. तोवर रोज पाचला फाटक उघडण्याची, सातला कुलूप लावून किल्ली शिपाईदादांच्या घरी पोहोचवण्याची जबाबदारी मी लेखी घ्यायला तयार आहे.

आपली,
एक माहेरवाशीण
ता. एरंडोल, जि. जळगाव