उतरण तुझी आहे

सांगली, गुरुवार रात्र

प्रिय बंड्या,

गणपतीत फोन करतो म्हणालो आणि दिवाळीही उलटली. चूक माझी. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर ताब्यात.

आपलं नदीचं गाणं रेकॉर्ड झालं! मिरजेच्या एका पोरानं केलं. ऐकून म्हणाला, "काका, मुखडा यायला दीड मिनिट लागतंय." त्यानं आलाप काढला, लय वाढवली, दुसरा अंतरा उडवला. घरी येऊन मी जेवलो नाही. रात्री आठवलं, आयर्विन पुलावर तू हेच म्हणाला होतास, आणि मी चार महिने तुझ्याशी बोललो नव्हतो. तू रागानं नदीत फेकलेली भडंगाची पुडी मात्र अर्धी माझ्या पैशाची होती, ते पैसे अजून येणं आहेत.

बीटल्सचं वेड तुझंच, म्हणून तुलाच लिहितोय. 'प्लीज प्लीज मी' आधी संथ होतं, त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिननं लय वाढवायला लावली. 1965 मध्ये 'येस्टरडे'ला व्हायोलिन-चेलोची चौकडी घ्यायची कल्पनाही त्याचीच. गाणं रचणारा मॅकार्टनी आधी नको म्हणाला, मग दोघांनी मिळून ते सूर बांधले. मॅकार्टनीनं बजावलं, सूर थरथरवायचा नाही. उलट 'बिली जीन'ची सुरुवात निर्माता क्विन्सी जोन्सला लांब वाटत होती, मायकेल जॅक्सननं ती कापू दिली नाही. तेही बरोबरच! मीही सुरुवातीचा तंबोरा सोडला नाही. पोरगं कुरकुरलं, पण ठेवला.

झोप उडालीय ती नावामुळं. 'येस्टरडे' एकट्या मॅकार्टनीचं, तरी नाव लेनन-मॅकार्टनी असं दोघांचं, आणि गाणं बांधणाऱ्यांत मार्टिन नाही. आपल्या गाण्यावर पोरानं 'संगीत' म्हणून माझं एकट्याचं नाव घातलंय. मुखड्याच्या शेवटी सूर खाली उतरतो ना, ती उतरण तुझी. पुलावर भांडता भांडता तू गुणगुणली होतीस. मी ती घरी येऊन वहीत उतरवली आणि इतकी वर्षं माझी म्हणून गात आलो. पोरालाही सगळ्यात आधी तीच आवडली. "काका, हे कसं सुचलं?" म्हणाला. मी गप्प बसलो, बंड्या. ते गप्प बसणं फार लागलंय.

वहिनींची बदली झाली का? चिनूला दहावीला किती पडले? नानांना नमस्कार.

गाणं रविवारी टाकायचंय. त्याआधी फोन कर. तुझं पूर्ण नाव घालू की बंड्याच?

तुझा,
दिन्या