रविवारची गणपतीपुळे सहल : गाडीत मुलांसाठी स्क्रीन लावणाऱ्यांनी वाचावे

सर्व सभासद पालकांना नमस्कार. रविवारी सकाळी ६ वाजता रंकाळा चौपाटीवर जमायचे आहे. नाश्ता मलकापुरात.

बहुतेक गाड्यांत मुलांसाठी व्हिडिओ प्लेअर किंवा टॅब असणारच. तेव्हा :

- प्लेअर मुलांच्या मांडीवर सुटा देऊ नका. करकचून ब्रेक लागला की तो थेट तोंडावर येतो. पुढच्या सीटच्या मागे पट्ट्याने घट्ट बांधा आणि एकदा ओढून बघा.
- चार्जरची वायर मुलांच्या गळ्याजवळून नको.
- स्क्रीन चालकाला दिसता कामा नये. बंद पडली तर गाडी बाजूला घेऊनच बघा.
- मलकापूर सोडले की स्क्रीन बंद. आंबा घाटाच्या वळणांवर खाली बघत बसलेले पोर हमखास ओकते. (पिशव्या तरीही ठेवाच!)
- उतरल्यावर प्लेअर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, बॅटरी फुगते.

कार्टून लावले म्हणून पट्टा सोडायचा नाही. १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. आणि मूल पुढे मांडीवर घेऊन बसणे आपल्या सहलीत चालणार नाही, कोणी रुसले तरी.

गाडीत किती मुले आहेत ते शुक्रवारपर्यंत कळवा.