एकादशी सोडू नकोस

विठ्ठलापूर, साखळी
आषाढ शुद्ध द्वादशी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. डायबेटिसच्या गोळ्या सुरू झाल्या, बाबा गेल्यावर धरलेली एकादशी आता मोडली तर दोष लागेल का, असं विचारलंयस. वाचून जीव कळवळला. काल विठ्ठलाच्या देवळात रांगेत उभा होतो तेव्हाही तुझाच विचार मनात होता. आज पारणं झाल्याबरोबर लिहायला बसलो.

दोष कसला रे? ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी महाभारतातच सांगितल्या आहेत: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य (होमात अर्पायचं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. तुझी गोळी त्यात आली, गोळीबरोबर घ्यायचं दूधही आलं. भागवतातला अंबरीष आठव. वर्षभराचं व्रत पुरं होत आलेलं, दुर्वास जेवायला यायचे कबूल करून यमुनेवर स्नानाला गेलेले, आणि द्वादशी संपायला अर्धा मुहूर्त उरलेला. पाहुण्याआधी जेवावं तर अतिथीचा अपमान, थांबावं तर पारणं चुकतं. शेवटी विद्वानांना विचारून तो नुसतं पाणी प्यायला. पाणी म्हणजे खाल्लंही आणि नाहीही. एवढ्या कडक व्रतालाही अशी वाट ठेवलेली आहे.

साबुदाण्याच्या खिचडीचा मात्र हट्ट धरू नकोस. तो निव्वळ पिष्ट, तुझी साखर झर्रकन वर जाईल. आणि त्यात सनातन असं काय आहे? ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळं अमेरिका खंडांतलं, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आलेलं. त्याआधीही लोक एकादशी करतच होते.

आमच्याकडे मासळी सुटणं हाच मोठा नेम. काल सकाळी मासेवाली रोजच्यासारखी टोपली घेऊन आली. फाटकाशी थांबली, तुळशीपुढची रांगोळी पाहिली, "आयज एकादस न्हय?" म्हणाली आणि टोपली न उतरवताच पुढच्या घराकडे वळली. माझा नेम तीही पाळते, याचं मला फार अप्रूप वाटतं. दुपारी उकडलेली दोन कणगां (आमच्याकडचे कंद) नि दूध घेतलं. रांधपाचा व्याप नसल्यामुळे दुपार मोकळी मिळाली, हरिपाठ निवांत झाला. मला एकादशी हवी असते ती त्या मोकळ्या दुपारसाठी.

तू निर्जळी मुळीच करू नकोस. काही गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. कामिका एकादशीला अजून दोन आठवडे आहेत. तोवर डॉक्टरांना भेट, गोळी कधी, खायचं काय, ते नीट लिहून घे. दशमीला देवापुढे पाणी सोडताना तेवढाच संकल्प कर. भात सोड, चहा सोड, संध्याकाळी बाबांची पोथी काढून वाच. त्यांना ते आवडलं असतं.

वहिनींना नमस्कार सांग. डॉक्टर काय म्हणतात ते लगेच कळव.

तुझाच