मागची खोली

वसई, ४ मे २०२५

प्रिय पास्कल,

दीड वर्ष झालं तुला लिहून. व्हॉट्सॲपवर नाताळचे तारे पाठवले, ते धरू नकोस. माझी साखर बरी, हिचा गुडघा तसाच. बास.

मी एका माणसाशी खोटं बोललोय, आणि त्याने माझं दार तासून दिलंय. हे इथे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला.

रिटायर झाल्यावर मी सिस्टरबरोबर तुरुंगात जायला लागलो ते तुला माहीत आहेच. ('जन्मभर बँकेत काढलीस, आता पकडलेले चोरही बघ' हे तुझं वाक्य मी विसरलेलो नाही.) महिन्यातून दोनदा ठाण्याला. किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांनी त्यात तुरुंग केला. तेव्हा आपले पूर्वज नेमके कोणाच्या बाजूने होते यावर माझा आणि सिस्टरचा गाडीत वाद. सिस्टर केरळच्या. हे तुरुंगसेवेचं काम १९८१ मध्ये त्यांच्याकडच्या सेमिनरीतल्या पोरांनी सुरू केलं, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचाच.

प्रार्थना, गाणी होतात. पण खरं काम कागदांचं. जामीन मंजूर झालेला असतो आणि पंधरा हजारांचा जामीनदार नाही म्हणून माणूस महिनोन्‌महिने आतच. घरचा नंबर पाठ नाही, मोबाईल पोलिसांकडे जमा. मग आम्ही रेशनकार्ड आणि सातबारा असलेला एखादा मामा हुडकत फिरतो. मामा म्हणतो, उद्या तारखेला तो आला नाही तर? वकील गाठून जातमुचलक्यावर सोडा असा अर्ज करायचा. देशातल्या दर चार कैद्यांतले तीन हे असे कच्चे कैदी. तुला काय सांगायचं म्हणा.

मी ज्याच्याशी खोटं बोललो तो मात्र पक्का होता, शिक्षा झालेला. भांडणात मेव्हण्याच्या डोक्यात फावडं घातलं, मेव्हणा गेला. त्यानेच केलं, तो नाकारतही नाही. शेवटची वर्षं नाशिकरोडला. तिथे सुतारकाम शिकला, आणि तिथले कैदी गणपतीच्या मूर्ती करतात, त्यातही हा होता. आपला वसईचा किरिस्ताव, गणपती रंगवतोय! म्हणतो, "काका, सोंड जमायची. डोळे मी दुसऱ्याला द्यायचो." जानेवारीत सुटला. बहीण दार उघडत नाही, तिला कोण बोलणार? फादरांनी त्याला एका मिस्त्रीकडे लावलं. राहायला जागा नाही.

आणि माझी मागची खोली डिसेंबरपासून रिकामी.

आता ऐक, उपवासकाळात सभागृहात मी काय केलं होतं. चाळीसेक लोकांपुढे उभा राहून राणी मारिया सिस्टरची गोष्ट सांगितली. १९९५ साली इंदूरजवळ समंदर सिंगने त्यांना बसमध्ये भोसकलं. २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. घरच्यांनी माफी देऊन त्याच्या सुटकेसाठी खटपट केली आणि २००६ ला तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या आईला भेटायला गेला, तिने त्याला जवळ घेतलं. माझा गळा दाटून आला, बायका रडल्या, फिलोमिना टीचरने तर माझा हात हातात घेतला. (हो, तीच. गप्प बस.)

पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी तो दारात. "काका, फादर म्हणाले खोली आहे."

मी म्हटलं, "अरे, सुरतेहून माझा पुतण्या यायचाय."

पास्कल, माझा एकुलता एक पुतण्या कुवेतला आहे, तूच त्याला चिकटवलास. सुरतेत माझं कुत्रंसुद्धा नाही. ही आतून म्हणाली, घरात लग्नाची पोर आहे. पण हिच्यावर ढकलण्यात अर्थ नाही, ती बोलायच्या आधीच पुतण्या माझ्या तोंडून बाहेर पडला होता. आत मी त्याच्याशेजारी मांडीला मांडी लावून बसलोय रे. तिथे चारला बाहेर पडायचं असतं, मला.

पवित्र गुरुवारी मिस्सेत फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यांत त्यांनी त्याला घेतला, मला तर आधीच घेतलेलं. कमिटीत ठिणग्या. फादर म्हणाले, पोप फ्रान्सिसनी पहिल्याच वर्षी, २०१३ ला, तुरुंगातल्या पोरांचे पाय धुतले. तर आपला ट्रेझरर म्हणतो, त्यांचं ठीक आहे हो, त्यांना शेजारी नाहीत.

बाराही जण पाय घरून धुऊन येतात हे तुला ठाऊक आहे, आपण दोघांनी त्या वर्षी वजरीने घासून रक्त काढलं होतं. हा कामावरून थेट आला. बोटांच्या बेचक्यांत भुसा. तांब्यातलं पाणी ओतलं तसं तबकात पिवळं झालं, आणि नंतर माझे गुळगुळीत पाय. त्याच दिवशी पोप रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले होते. या वर्षी पाय धुणं झेपत नाही, पण तुमच्याजवळ आहे, अशा अर्थाचं कैद्यांना म्हणाले. पुढच्या सोमवारी ते वारले. पण ते नंतर.

मिस्सा सुटल्यावर त्याने मला गाठलं. वाटलं, आता बोलणार. तर म्हणतो, "पुतण्या आला का? त्या खोलीचं दार फुगलंय. तो यायच्या आधी तासून देतो."

टोमणा नव्हता. माणूस माझ्या पुतण्यावर विश्वास ठेवून होता! शनिवारी रंधा घेऊन आला, दोन तास घालवले, बिजागऱ्यांना तेल घातलं. पैसे घेतले नाहीत. ही चहा देताना नजर वर करत नव्हती. सध्या नालासोपाऱ्यात एका खोलीत सहा जणांत राहतो. सिस्टरना मी अजून काही बोललेलो नाही. भाडेकरूचा पोलिसात द्यायचा फॉर्म आणून ठेवलाय, नाव भरलेलं नाही.

आता तुझ्या एडीचं. माझ्या लग्नात तू न जेवता उठून गेलास. गेली एकोणतीस वर्षं मी तुला सांगत आलो की एडीला आणू नको असं तुला सांगणं हे आईचं परस्पर काम, मला कल्पना नव्हती. चौदा महिने आत राहून निर्दोष सुटलेला पोर. पास्कल, आईने मला आधी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, बघ तुला योग्य वाटेल तसं.

शिव्या द्यायच्या तर फोनवर दे, ही वाचते पत्रं.

तुझ्या घराचे हप्ते संपले का? नातवाच्या बाप्तिस्म्याचे फोटो पाठव. रीटावहिनींना सांग, लोणचं विल्सनच्या मुलाबरोबर पाठवतोय, त्याने विमानतळावर टाकून दिलं नाही तर पोचेल.

आणि एक विचारायचं राहिलं. सुटून आल्यावर त्या पहिल्या वर्षी एडी झोपायचा कुठे? घरी नव्हता, एवढंच मला आठवतं.

तुझा,
सायमन