गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कुत्रा गुरगुरला की कागदाच्या सुरळीचा एक फटका द्यावा, म्हणजे घरात मालक कोण ते त्याला कळतं, असा सल्ला देणारं एका वाचकाचं पत्र आपल्याकडे नुकतंच छापून आलं. पत्रलेखकाचा जीव कुत्र्यावर आहे, हे पत्रातून कळतं. पण हाच सल्ला आमच्या घरानं एकेकाळी तंतोतंत पाळला होता. त्याचं काय झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचा पहिला कुत्रा दीड वर्षाचा झाला तेव्हा खाताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायला लागला. ओळखीच्या एका ट्रेनरनं सुरळीचा उपाय सांगितला आणि पंधरा दिवसांत गुरगुर बंद झाली. आम्ही निर्धास्त झालो. पुढे महिन्याभरानं माझा सहा वर्षांचा भाचा भांड्याशेजारी घरंगळत गेलेला चेंडू उचलायला वाकला आणि कुत्र्यानं त्याचं मनगट धरलं. आधी गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत, थेट चावा. जो तो म्हणाला, 'काही कारण नसताना चावला.' कारण होतं. आपलं खाणं कुणीतरी हिसकावून नेईल ही भीती त्याच्या मनात होतीच. माणूस जवळ आला की मारही बसतो, ही आम्ही घातलेली भर. मारून आम्ही भीती घालवली नव्हती, फक्त तिची सूचना देणं बंद पाडलं होतं. भाच्याच्या मनगटावरचा व्रण अजून दिसतो, आणि तो त्या कुत्र्याच्या नावावर लिहिला जावा हे मला आजही सहन होत नाही.

गुरगुरण्याच्या कितीतरी आधी कुत्रा सांगायला लागलेला असतो. तोंड फिरवतो, उगाच ओठांवरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. खाता खाता मध्येच थांबून अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो. एवढं करूनही आपण मागे हटलो नाही, तर मग तो गुरगुरतो. तेव्हा मला यातलं काहीच वाचता येत नव्हतं.

राहिला 'मालक कोण' हा मुद्दा. त्यामागे लांडग्यांची गोष्ट आहे: कळपातला म्होरक्या बाकीच्यांना दाबून ठेवतो, तसंच माणसानं कुत्र्याशी वागावं, अशी समजूत. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडोल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांवरून कळपातल्या वर्चस्वाचं वर्णन केलं, आणि लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे म्होरक्या लांडग्याची कल्पना घराघरांत पोचली. पुढे त्यांनीच मोकळ्या लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. शास्त्रज्ञानं आपलं म्हणणं सुधारलं, आपण मात्र अजून कुत्र्याला उताणा पाडून म्होरके होऊ पाहतो.

दुसरा कुत्रा आला तेव्हा आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. तो रोजचं खाणं खात असताना मी चार-पाच पावलं लांबून जायची, जाता जाता उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा भांड्याच्या दिशेनं टाकायची आणि न थांबता पुढे निघून जायची. बस्स, एवढंच. भांडं उचलायचं नाही, त्यात हात घालायचा नाही. आठवड्याभरात माझी चाहूल लागली की तो मान वर करून शेपूट हलवायला लागला, तेव्हा मी एक पाऊल जवळून जायला लागले. माणूस जवळ येणं म्हणजे खाणं जाणं नव्हे, खाण्यात भर पडणं, हे त्याला असं उमगत गेलं. अर्थात ज्या घरात कुत्रा आधी चावलेला आहे, तिथे हे आपापलं करू नये, जाणकाराला बोलवावं. आणि लहान मुलांना या कामाला अजिबात लावू नये.

'ही तर लाच झाली,' असं आमच्याही घरात म्हणून झालं. खाऊ आधी दाखवून काम करून घेतलं तर ती लाच. काम झाल्यावर, त्याच क्षणी दिलं तर ते बक्षीस. तो क्षण फार महत्त्वाचा आहे. कुत्रा बसला आणि आपण खिसा चाचपेपर्यंत उठला, तर बक्षीस उठण्याचं मिळतं. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला ढकलणं, ओरडणं हेही त्याच्या लेखी लक्ष मिळणंच असतं. आम्ही पाठ फिरवायचो, आणि चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच खाऊ आणि कौतुक. सुरुवातीचे काही दिवस उड्या वाढल्या, आणि नेमकं तेव्हाच घरातल्या एकानं कंटाळून त्याला थोपटलं, की सगळं पहिल्यापासून! एक जण 'उतर', दुसरा 'खाली', तिसरा 'नको नको' म्हणत असेल तर कुत्र्यानं तरी काय समजावं? एकच शब्द सगळ्यांनी वापरायचा, हे माणसांना शिकवायलाच आम्हाला जास्त वेळ लागला.

आपण घरी परततो, बूट चावलेला दिसतो, कुत्रा कान पाडून कोपऱ्यात. 'बघा, चूक कळली आहे त्याला,' असं आपण म्हणतो. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासून पाहिलं. तो अपराधी चेहरा कुत्र्यानं खरोखर काही केलं होतं की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावले की तो जास्त दिसायचा. म्हणजे त्याला बूट कळलेला नसतो, आपला राग कळलेला असतो. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, धाकानं शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त आढळली. शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बक्षिसानं शिकणाऱ्या कुत्र्यांपेक्षा जास्त वाढलेलं होतं.

म्हणून कळकळीची विनंती. फटक्यांचा सल्ला छापताना निदान त्याशेजारी एखाद्या पशुवैद्याचं मत छापा. ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

गेल्या महिन्यात आमचा हा दुसरा कुत्रा गुरगुरला. मुलगी त्याचं डोकं कुरवाळत होती, हात डाव्या कानाकडे गेला आणि घशातून हलकीशी गुरगुर आली. तिनं हात काढून घेतला, हळूच उठली आणि मला येऊन म्हणाली, 'आई, त्याचा कान दुखतोय वाटतं.' डॉक्टरांनी कान तपासला तर आत जंतुसंसर्ग होता. औषधाचे थेंब दहा दिवस घालायचे होते. प्रत्येक थेंबानंतर चिकनचा एक तुकडा मिळायचा. शेवटी शेवटी तर बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला की तो आपणहून येऊन बसायचा आणि डोकं माझ्या मांडीवर टेकवायचा.

आपली,
एक वाचक